वीजदर ठरवतं कोण? सुरेश प्रभूंचं विधेयक आणि आपलं लाईट बिल

बेळगावात हेस्कॉमचं बिल येतं, शेजारच्या चंदगडात महावितरणचं. दर वेगळे, सवलती वेगळ्या. मग हे दर ठरवतं कोण? बहुतेकांचं उत्तर असतं, सरकार. कायदा मात्र वेगळं सांगतो, आणि त्या कायद्याची सुरुवात कोकणातल्या एका खासदाराच्या हातून झाली.

राजापूरचे तेव्हाचे खासदार सुरेश प्रभू 2000 ते 2002 या काळात केंद्रीय ऊर्जामंत्री होते. व्यवसायाने चार्टर्ड अकाउंटंट. राज्यांची वीज मंडळं तेव्हा तोट्यात रुतली होती. वीजचोरी, मीटर नसलेल्या जोडण्या आणि मतांवर डोळा ठेवून ठरलेले दर, ही त्यामागची कारणं. प्रभूंनी 2001 मध्ये लोकसभेत वीज विधेयक मांडलं. त्याचा रोख सरळ होता: सरकारने धोरण आखावं, दर स्वतंत्र आयोगाने ठरवावेत. प्रभू पदावरून गेल्यानंतर ते मंजूर झालं आणि 10 जून 2003 पासून कायदा लागू झाला. प्रत्येक राज्याला आयोग नेमणं त्यामुळे बंधनकारक झालं.

फुकट वीज खरंच फुकट?

नाही. कलम 65 म्हणतं, सरकारला सवलत द्यायची असेल तर खुशाल द्यावी, पण तेवढी रक्कम वीज कंपनीला आगाऊ भरावी. कर्नाटकात 2023 पासून ‘गृहज्योती’मध्ये घरगुती ग्राहकांना 200 युनिटपर्यंत वीज मोफत मिळते. त्याचा भार राज्याच्या तिजोरीवर, म्हणजे शेवटी करदात्यावरच.

आयोग खरंच स्वतंत्र आहेत?

इथेच खरी मेख आहे. आयोगाचे सदस्य राज्य सरकारच नेमतं. कलम 108 नुसार सार्वजनिक हिताच्या धोरणाबाबत सरकार आयोगाला निर्देशही देऊ शकतं. काही राज्यांत तर वीज कंपन्या दरवाढीचा अर्जच वेळेवर करेनात. तोटा साचत गेला. शेवटी 2011 मध्ये वीज अपील न्यायाधिकरणाने आयोगांना बजावलं की, अर्ज आला नाही तर स्वतःहून दर ठरवा. कारण आज लांबवलेली वाढ उद्या व्याजासकट ग्राहकाच्याच माथी बसते.

तुमचा आयोग कुठला?

बेळगाव, खानापूर, निपाणीसाठी बेंगळुरूतला कर्नाटक आयोग. इंदूर-ग्वाल्हेरसाठी भोपाळचा, वडोदऱ्यासाठी गांधीनगरचा, हैदराबादसाठी तेलंगणाचा. गोव्यासाठी केंद्रशासित प्रदेशांसोबतचा संयुक्त आयोग आहे, त्याचं मुख्यालय गुरुग्रामला.

आपण काय करू शकतो?

दराचा अर्ज कंपनीला जाहीर करावाच लागतो. लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेऊन आयोगाने 120 दिवसांत निर्णय द्यायचा असतो, असं कलम 64 सांगतं. लेखी हरकत पाठवायला वकील लागत नाही. कारखानदारांच्या संघटना हे नेमाने करतात, घरगुती ग्राहक क्वचितच. बिल आल्यावर बोंब मारण्यापेक्षा दराची जाहीर सूचना निघते तेव्हाच आपलं म्हणणं कळवलं, तर ते निदान नोंदीवर तरी येईल.