बाळ सांभाळण्याचे काम : गाव सोडण्यापूर्वी

मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांत सकाळी आठ-नऊच्या सुमारास एक दृश्य घरोघरी दिसते. आईवडील कामावर जाण्याच्या गडबडीत असतात आणि त्याच वेळी एक स्त्री दारात येऊन उभी राहते. त्यानंतर संध्याकाळपर्यंत त्या घरातील तान्हे मूल तिच्या स्वाधीन असते. त्याचे दूध, अंघोळ, झोप, आजारपण हे सारे तीच पाहते. कोणी तिला मावशी म्हणतात, कोणी ताई, तर कोणी नुसतेच बाई. घरातील सर्वांत मोलाची ठेव ज्या विश्वासाने तिच्या हाती दिली जाते, त्या विश्वासाला बहुधा कागदाचा आधार नसतो. वेतन किती, सुट्टी कोणती, आजारी पडल्यास काय, हे सारे तोंडी ठरते आणि तोंडीच मोडते.

या कामासाठी ग्रामीण भागातूनही अनेक स्त्रिया शहरात जातात. त्यांचे हित शहरात पोहोचल्यावर नव्हे, तर गाव सोडण्यापूर्वीच सुरक्षित करता येते. त्यासाठी पंचायत सदस्य, शिक्षक आणि गावपातळीवरील कर्मचारी यांना या कामाचे स्वरूप ठाऊक असणे अगत्याचे आहे.

मागणी कशामुळे?

शहरातील कुटुंबे लहान झाली. आजी-आजोबा गावी किंवा दुसऱ्या शहरात राहतात. संघटित क्षेत्रातील नोकरदार स्त्रीस 2017 सालापासून पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची पगारी प्रसूती रजा मिळू लागली. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सोय करण्याचे बंधनही त्याच वेळी आले. परंतु लहान आस्थापनांतील स्त्रियांना ही सोय नसते, आणि रजा संपते तेव्हा मूल जेमतेम सहा महिन्यांचे असते. म्हणून घरी येणाऱ्या बाईचा शोध सुरू होतो.

दुसऱ्या बाजूस, हे काम पत्करणाऱ्या स्त्रियांच्या मागे गरजेचा मोठा इतिहास आहे. 1972 च्या दुष्काळात अनेक कुटुंबे गाव सोडून शहरांकडे आली. 1982 च्या गिरणी संपानंतर गिरणगावातील कित्येक घरांत मिळवता हात रिकामा झाला आणि घरच्या स्त्रियांनी धुणीभांडी, स्वयंपाक व मुले सांभाळण्याची कामे धरली. आजही विधवा, परित्यक्ता, भूमिहीन कुटुंबातील स्त्री किंवा कर्जाखाली दबलेल्या शेतकऱ्याची पत्नी याच वाटेने शहरात येते.

काम कसे मिळते?

या कामाचे साधारणतः तीन प्रकार आहेत. पहिला, बाळबाळंतिणीचे काम : तेल लावणे, अंघोळ घालणे, शेक देणे, हे काही आठवड्यांपुरतेच असते. दुसरा, दिवसाचे काम : आठ, दहा किंवा बारा तास मूल सांभाळणे. तिसरा, चोवीस तासांचे म्हणजे मुक्कामी काम. गावाहून नव्याने आलेल्या स्त्रीस शहरात निवारा नसल्यामुळे ती बहुधा तिसरा प्रकार पत्करते. त्यात राहण्या-जेवण्याचा खर्च वाचतो हे खरे. परंतु कामाचे तास कोठे सुरू होतात आणि कोठे संपतात हे उरतच नाही. रात्री मूल उठले की तीही उठते.

काम मिळण्याचा सर्वांत जुना आणि अजूनही भरवशाचा मार्ग ओळखीचा. आधी गेलेली जाऊ, नणंद वा गावातील शेजारीण, त्या इमारतीत काम करणारी दुसरी बाई, रखवालदार यांच्यामार्फत शब्द टाकला जातो. दुसरा मार्ग ब्यूरोचा. ब्यूरो कुटुंबाकडून शुल्क घेतो आणि पुष्कळदा बाईच्या वेतनातूनही कमिशन कापतो. अलीकडे मोबाईलवरील सेवांमार्फतही कामे मिळू लागली आहेत.

ब्यूरोमार्फत जाणाऱ्या स्त्रीने चार गोष्टी आधी विचाराव्यात. कमिशन किती आणि किती महिने कापले जाणार? वेतन थेट तिच्या बँक खात्यात येणार की ब्यूरोच्या हातून? घर न मानवल्यास बदलून मिळेल काय? आणि ब्यूरोचे कार्यालय नेमके कोठे आहे? मूळ आधारपत्र किंवा शिधापत्रिका कोणाकडेही ठेवण्यास देऊ नये, प्रत द्यावी. पोलीस पडताळणीसाठी कुटुंबाने माहिती मागितल्यास ती अवश्य द्यावी. त्यासाठी मूळ कागद कोणी ठेवून घेण्याचे कारण नाही.

बोलणी कशाची करावी?

पहिल्या दिवशी संकोचामुळे जे विचारले जात नाही, तेच पुढे भांडणाचे कारण होते. मूल सांभाळण्यासाठी ठेवलेल्या बाईकडे हळूहळू भांडी, मग केर-लादी, मग स्वयंपाक येतो आणि वेतन मात्र तेच राहते. म्हणून कामाची यादी प्रथम ठरवावी. त्यानंतर कामाचे तास, मासिक वेतन व त्याची तारीख, आठवड्याची सुट्टी, सणाला गावी जाण्याची रजा, आजारपणातील खाडे कापले जाणार की नाही, दिवाळीचा बोनस आणि काम सोडताना वा सोडवताना द्यावयाची पूर्वसूचना हे मुद्दे स्पष्ट करावेत. मुक्कामी काम असल्यास झोपण्याची जागा व रात्रीची विश्रांती यांचाही खुलासा व्हावा. उचल घेतल्यास ती किती आणि कशी फेडावयाची हे लिहून घ्यावे. फिटता न फिटणारी उचल हीच पुष्कळदा पायातील बेडी होते.

हे सारे एका साध्या कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या तरी पुरे. असा कागद बाईस जेवढा उपयोगी, तेवढाच कुटुंबासही आहे.

कायद्याचा आधार

घरकामगार स्त्रियांनी आपल्या हक्कांसाठी स्वतः आवाज उठविला, हे विसरता कामा नये. 1980 साली पुण्यातील मोलकरणींनी वेतनवाढ आणि आजारपणाची रजा यांसाठी संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. पुढे महाराष्ट्रात 2008 साली घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळासाठी स्वतंत्र अधिनियम झाला. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या आणि साठ वर्षे पूर्ण न झालेल्या घरेलू कामगारास या मंडळाकडे नोंदणी करता येते. अपघातप्रसंगी साहाय्य, मुलांचे शिक्षण, वैद्यकीय खर्च, दोन अपत्यांपर्यंत प्रसूती साहाय्य आणि अंत्यविधीसाठी मदत ही या अधिनियमातील लाभांची क्षेत्रे आहेत. कोरोना काळात, 2021 साली, राज्य शासनाने नोंदीत घरेलू कामगारांना प्रत्येकी 1,500 रुपयांचे साहाय्य जाहीर केले. ज्यांची नोंदणी नव्हती, त्या त्यापासून दूर राहिल्या. नोंदणीचे महत्त्व सांगण्यास हे एक उदाहरण पुरेसे आहे.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात राहते घर हेही कामाचे ठिकाण मानले आहे. पीडित स्त्रीस तीन महिन्यांच्या आत जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. घरकामगार स्त्रीच्या तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य आढळल्यास समितीने ती सात दिवसांत पोलिसांकडे पाठवावयाची असते.

चोरीचा आळ हा या कामातील दुसरा मोठा धोका होय. अशा वेळी घाबरून पळून जाणे हे सर्वांत वाईट. अपवादात्मक परिस्थिती वगळता स्त्रीस सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. तसेच स्त्रीस, तिचे उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी 15100 हा दूरध्वनी क्रमांक आहे. महिलांसाठी 181 आणि तातडीच्या मदतीसाठी 112 हे क्रमांकही प्रत्येकीस पाठ असावेत.

तथापि, घरकामगारांसाठी देशव्यापी स्वतंत्र कायद्याची उणीव मोठी आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2011 साली घरकामगारांविषयीचा 189 क्रमांकाचा करार संमत केला. भारताने त्याच्या बाजूने मत दिले, परंतु त्यास अद्याप अनुसमर्थन दिलेले नाही. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा कायद्याच्या शक्यतेचा विचार करण्यासाठी केंद्र शासनास समिती नेमण्याचे निर्देश दिले. कायदा होईल तेव्हा होईल. तोपर्यंत हाती असलेल्या साधनांचा उपयोग करणे आवश्यक आहे.

मुलींना पाठवू नये

‘तिथे नुसते बाळाशी खेळायचे आहे, जेवणही चांगले मिळेल,’ असे सांगून बारा-तेरा वर्षांच्या मुलींना शहरात नेले जाते. घरकामासाठी चौदा वर्षांखालील मुलांना ठेवण्यास 10 ऑक्टोबर 2006 पासूनच बंदी आहे. 2016 च्या सुधारणेनंतर अशा गुन्ह्यास सहा महिने ते दोन वर्षे कारावास किंवा 20,000 ते 50,000 रुपये दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. चौदा ते अठरा वयाच्या मुलीसही परक्या घरी मुक्कामी ठेवणे धोक्याचेच. कल्याण मंडळाची नोंदणीदेखील तिला मिळत नाही. सलग गैरहजर असलेली मुलगी कोठे गेली, ही चौकशी शिक्षकाने प्रथम करावयाची आहे. संशय येताच 1098 या क्रमांकावर कळविता येते.

गावाने काय करावे?

कामासाठी बाहेर जाणाऱ्या स्त्रियांची एक साधी नोंदवही ग्रामपंचायतीस ठेवता येईल. तिचे नाव, शहरातील पत्ता, कुटुंबाचा किंवा ब्यूरोचा दूरध्वनी आणि कोणाबरोबर गेली, एवढे लिहून ठेवले तरी अडचणीच्या वेळी शोध घेणे सोपे जाते. निघण्यापूर्वी तिचे स्वतःच्या नावाचे बँक खाते चालू आहे याची खात्री करावी. वर्षास 20 रुपये हप्त्यात दोन लाख रुपयांचे अपघाती संरक्षण देणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना याच खात्यास जोडता येते. 2021 साली सुरू झालेल्या ई-श्रम संकेतस्थळावर तिची नोंदणी गावातील सेवा केंद्रातून करून घ्यावी. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजनेमुळे तिच्या वाट्याचे धान्य शहरातही मिळू शकते आणि उरलेले कुटुंबास गावी घेता येते, हेही तिला समजावून सांगावे.

शेवटची गोष्ट सर्वांत नाजूक आहे. दुसऱ्याचे मूल सांभाळावयास गेलेल्या स्त्रीचे स्वतःचे मूल पुष्कळदा गावीच राहते. कधी म्हाताऱ्या आजीजवळ, तर कधी थोरल्या बहिणीजवळ. त्या बहिणीची शाळा सुटली, तर आईने मिळविलेले वेतन एका अर्थी मुलीच्या शिक्षणातून फेडले जाते. म्हणून आई शहरात गेलेल्या घराकडे अंगणवाडी सेविकेने व शिक्षकाने विशेष लक्ष पुरवावे. लहानग्याचे वजन घटत नाही ना आणि थोरलीची हजेरी तुटत नाही ना, हे पाहणारे कोणी तरी गावात असले, म्हणजे शहरातील पाळणा हलविणाऱ्या त्या स्त्रीचे अर्धे ओझे उतरते.