विश्लेषण : फेसबुकशी लढणारा वकील आता ‘एआय’च्या मागे का लागला आहे?

एका विद्यार्थ्याने फेसबुककडे स्वतःची माहिती मागितली आणि त्यातून युरोप-अमेरिका दरम्यानचे दोन करार रद्द होण्यापर्यंत मजल गेली. ऑस्ट्रियाचे वकील मॅक्स श्रेम्स यांची ही वाटचाल भारतालाही काही सांगणारी आहे...

सुरुवात कशी झाली?

व्हिएन्ना विद्यापीठात कायद्याचे शिक्षण घेणारे श्रेम्स २०११ मध्ये एका सत्रासाठी कॅलिफोर्नियातील सांता क्लारा विद्यापीठात गेले होते. तेथे फेसबुकचे एक वकील वर्गात बोलायला आले. युरोपातील खासगीपणाचे कायदे कंपनी किती हलके घेते, हे श्रेम्स यांना त्या वेळी जाणवले. मायदेशी परतल्यावर त्यांनी कायद्याने मिळणारा हक्क बजावून फेसबुककडे स्वतःबद्दलची माहिती मागितली. उत्तरादाखल १२०० हून अधिक पाने आली. त्यांत त्यांनी स्वतः खोडून टाकलेले संदेशही होते. कंपनीचे युरोपीय मुख्यालय डब्लिनमध्ये असल्याने श्रेम्स यांनी आयर्लंडच्या विदा संरक्षण आयुक्तांकडे त्याच वर्षी २२ तक्रारी दाखल केल्या.

करार रद्द का झाले?

अमेरिकी गुप्तचर यंत्रणा बड्या कंपन्यांकडील माहिती मिळवतात, हे एडवर्ड स्नोडेन यांनी २०१३ मध्ये उघड केले. मग आपली माहिती अमेरिकेत पाठवलीच का जाते, असा प्रश्न श्रेम्स यांनी केला. आयर्लंडच्या आयुक्तांनी तक्रार फेटाळली, पण प्रकरण युरोपीय न्यायालयात पोहोचले. ६ ऑक्टोबर २०१५ रोजी न्यायालयाने ‘सेफ हार्बर’ ही व्यवस्था अवैध ठरवली. चार हजारांहून अधिक कंपन्या तिच्या आधारे माहिती अटलांटिकपार नेत होत्या. तिच्या जागी आलेली ‘प्रायव्हसी शील्ड’ही १६ जुलै २०२० रोजी रद्द झाली. कारण तेच : अमेरिकेतील टेहळणीविरोधात युरोपीय नागरिकाला दाद मागण्याची पुरेशी सोय नाही. पुढे मे २०२३ मध्ये आयर्लंडच्या नियामकाने ‘मेटा’ला १.२ अब्ज युरोंचा दंड ठोठावला.

एकट्याची लढाई संस्थेची कशी झाली?

श्रेम्स यांनी २०१७ मध्ये ‘नॉयब’ ही संस्था व्हिएन्नात स्थापन केली. ‘नन ऑफ युअर बिझनेस’ या शब्दांचे हे लघुरूप. मराठीत सांगायचे तर ‘तुम्हाला काय करायचंय?’ युरोपचा नवा विदा संरक्षण कायदा (जीडीपीआर) अशा संस्थांना नागरिकांच्या वतीने तक्रार करू देतो. हा कायदा २५ मे २०१८ रोजी लागू झाला, त्याच दिवशी ‘नॉयब’ने गूगल, फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सअ‍ॅपविरोधात तक्रारी केल्या. ‘संमती द्या, नाहीतर सेवा सोडा’ ही संमती नव्हे, असा त्यांचा मुद्दा होता.

कृत्रिम प्रज्ञेविषयी आक्षेप काय?

चॅटजीपीटी एका सार्वजनिक व्यक्तीची जन्मतारीख चुकीची सांगते आणि ती दुरुस्त करता येत नाही, अशी तक्रार ‘नॉयब’ने एप्रिल २०२४ मध्ये केली. चुकीची माहिती दुरुस्त करून घेणे हा युरोपात हक्क आहे. तंत्रज्ञानाला ते जमत नाही, ही सबब चालणार का, हा यातील कळीचा प्रश्न. जून २०२४ मध्ये लोकांच्या पोस्ट कृत्रिम प्रज्ञेच्या प्रशिक्षणासाठी वापरण्याच्या ‘मेटा’च्या बेताविरोधात ११ देशांत तक्रारी झाल्या. कंपनीने तो थांबवला, मात्र वर्षभराने पुन्हा अमलात आणला.

मग साध्य काय झाले?

यश निर्विवाद नाही. २०१३ च्या तक्रारीतून दंड व्हायला दहा वर्षे गेली. अमेरिकेशी २०२३ मध्ये तिसरी व्यवस्था झाली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या सामान्य न्यायालयाने तिच्याविरोधातील आव्हान फेटाळले. माहितीचा ओघ थांबलेला नाही. पण कागदावरचा हक्क बजावता येतो, हे सिद्ध झाले.

भारतात हे शक्य आहे का?

निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा झाला. त्यात कंपन्यांना २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण ही रक्कम सरकारी तिजोरीत जाते, नुकसान झालेल्या नागरिकाला भरपाई मिळत नाही. उलट खोटी वा क्षुल्लक तक्रार केल्यास त्यालाच दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सरकारला आपल्या यंत्रणांना अधिसूचनेद्वारे सूटही देता येते. शिवाय हा कायदा नागरिकाला त्याच्या माहितीचा ‘सारांश’ मागण्याचा हक्क देतो. श्रेम्स यांची लढाई सुरू झाली ती सारांशावरून नव्हे, हाती पडलेल्या १२०० पानांवरून.