गेम वेगळा, जुगार वेगळा

नशिराबादसारख्या छोट्या ठिकाणी बीजीएमआय खेळणारा आणि रमीत पगार घालवणारा, दोघांनाही ‘गेमचा नाद लागला’ असेच म्हणतात. पबजीच्या काळापासून खेळणाऱ्या गेमरला हेच खटकते.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कायद्याने हा फरक केला. पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी, मग तो कौशल्याचा का असेना. चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद, १ कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नुसते खेळणाऱ्याला शिक्षा नाही. ई-स्पोर्ट्सला मात्र मान्यता.

पण जुन्या गेमरचे एक दुखणे उरतेच. बंदुकीच्या ‘स्किन’साठी पैसे भरून क्रेट उघडायचा, आत काय निघेल ते नशीब. बेल्जियमने २०१८ मध्येच अशा पेट्यांना जुगार ठरवले.