क्रिएटिन, क्रिएटिनिन आणि ‘सुरक्षित’ या शब्दाचा अर्थ

आजचा विषय तुमच्याच प्रश्नांतून आलेला आहे. मुलगा जिमला जातो, रोज एक पांढरी पावडर पाण्यात ढवळून पितो, त्याच्या किडन्या खराब होतील का, असं आई विचारते. पासष्टीचे गृहस्थ विचारतात, पायातली ताकद गेली आहे, नातू म्हणतो क्रिएटिन घ्या, घेऊ का? आणि एक प्रश्न बराच घाबरलेला असतो: क्रिएटिन सुरू केलं आणि रक्ताच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन वाढलेलं आलं, आता काय करायचं?

आम्ही डॉक्टर नाही. आमचा जन्म तत्त्वज्ञान शिकवण्यात गेला. तेव्हा कुणाला काय द्यावं हे सांगणं आमचं काम नव्हे. पण ‘अमुक गोष्ट सुरक्षित आहे’ असं विधान कुणी केलं, तर ते कशाच्या आधारावर उभं आहे, एवढं तपासणं आमच्या धंद्यात बसतं. आज आपण तेवढंच करू.

आधी वस्तू काय आहे ते बघू. क्रिएटिन हे काही प्रयोगशाळेत जन्मलेलं नवं रसायन नाही. १८३२ साली शेव्रल या फ्रेंच शास्त्रज्ञाला ते मांसात सापडलं आणि ‘मांस’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला नाव मिळालं. आपलं शरीर स्वतःच रोज साधारण एक ग्रॅम क्रिएटिन तयार करतं; त्यात मूत्रपिंड आणि यकृत या दोघांचा वाटा असतो. मांसाहारी माणसाला आणखी साधारण एक ग्रॅम जेवणातून मिळतं. सत्तर किलोच्या माणसाच्या अंगात एकूण साठा सुमारे १२० ग्रॅम, आणि त्यातला जवळजवळ ९५ टक्के स्नायूंमध्ये.

तिथे ते करतं काय? स्नायूला काम करायला एटीपी नावाचं इंधन लागतं. हे इंधन म्हणजे खिशातली रोकड. जड ओझं उचललं, बस पकडायला धावलो, की ही रोकड दोन-चार सेकंदांत संपते. अशा वेळी फॉस्फोक्रिएटिन, म्हणजे फॉस्फेट जोडलेलं क्रिएटिन, आपल्याकडचं फॉस्फेट देऊन टाकतं आणि रोकड पुन्हा भरते. ही सोय साधारण दहा सेकंद पुरते. पुढे शरीराला दुसरे मार्ग शोधावे लागतात. १९२७ साली हा पदार्थ ओळखणाऱ्यांमध्ये आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव होते, आंध्रातल्या भीमवरमचे. अमेरिकेत हार्वर्डला सायरस फिस्क यांच्याबरोबर ते काम करत होते.

म्हणजे क्रिएटिन वाढवून फायदा कुठे होणार हे यातच आलं. थोडा वेळ, पण जोर लावून करायच्या कामात. वजन उचलणं, छोटी धाव, पुन्हापुन्हा झेप घेणं. दहा किलोमीटर सावकाश चालणाऱ्याला त्याचा फारसा उपयोग नाही.

पावडर खाऊन स्नायूतला साठा खरंच वाढतो, हे १९९२ मध्ये हॅरिस, सोडरलुंड आणि हल्टमन यांनी दाखवलं. त्यांनी दिवसाला वीस ग्रॅमच्या आसपास प्रमाण वापरलं होतं. पुढे १९९६ मध्ये असं दिसलं, की रोज फक्त तीन ग्रॅम घेतलं तरी महिन्याभरात साठा तेवढाच भरतो. त्यामुळे सुरुवातीला आठवडाभर वीस-वीस ग्रॅम घेण्याची जी पद्धत जिममध्ये सांगतात, तिची गरज नाही. तिच्याने पोट मात्र बिघडू शकतं.

शाकाहारी मंडळींचा साठा मुळात कमी असतो, कारण दूध-डाळींतून क्रिएटिन जवळजवळ मिळत नाही. म्हणून त्यांच्यात वाढही जास्त दिसते. आणि हो, बाजारातली पावडर मांसापासून करत नाहीत, ती रासायनिक प्रक्रियेने तयार होते. कॅप्सूल घेणार असाल तर तिचं आवरण कशाचं आहे ते मात्र बघा.

आता मुख्य प्रश्न. रोज घेतलं तर सुरक्षित आहे का?

इथे आपण तीन प्रकारच्या तर्कांत अडकतो. एकेक सोडवू.

पहिला तर्क आपल्या म्हणीतला: कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत कॉलेजचे तीन कुस्तीगीर लागोपाठ वारले. क्रिएटिन तेव्हा नुकतंच गाजायला लागलं होतं, संशय लगेच त्याच्यावर गेला. चौकशीत निघालं भलतंच. वजनी गटात बसण्यासाठी ही मुलं अंगात घाम कोंडणारे सूट घालून, गरम खोलीत व्यायाम करून, पाणी तोडून काही तासांत किलोच्या किलो वजन उतरवत होती. शरीर तापलं, पाणी आटलं, त्यात जीव गेला. क्रिएटिन हे कारण ठरलं नाही. पण ‘क्रिएटिनने माणसं मेली’ हे वाक्य अजून फिरतं आहे. कारण शोधण्यापेक्षा शेजारी उभ्या असलेल्याला पकडणं नेहमीच सोपं असतं.

केस गळण्याची भीतीही याच घराण्यातली. २००९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या वीस रग्बी खेळाडूंवर तीन आठवड्यांचा एक अभ्यास झाला. त्यात टक्कल पडण्याशी संबंध असलेलं एक संप्रेरक वाढलेलं दिसलं. केस कुणी मोजलेच नव्हते! एवढ्यावर जगभर बोभाटा झाला. २०२५ मध्ये बारा आठवड्यांच्या चाचणीत केस खरोखर तपासले, तेव्हा क्रिएटिन घेणारे आणि न घेणारे यांच्यात फरक दिसला नाही.

दुसरा तर्क किडनीचा, आणि हा जरा बारकाईने ऐका. नावं बघा: क्रिएटिन आणि क्रिएटिनिन. एका ‘नि’चा फरक. स्नायूतल्या क्रिएटिनपैकी रोज दोन ग्रॅमच्या आसपास भाग आपोआप मोडतो, त्याचं क्रिएटिनिन होतं आणि ते मूत्रपिंडातून बाहेर पडतं. मूत्रपिंड मंदावलं की ते रक्तात साठतं. म्हणून डॉक्टर ते मोजतात. ते रोगाचं चिन्ह आहे, स्वतः रोग नाही.

आपल्याकडचे नैयायिक म्हणायचे, डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे असं अनुमान करता येतं, कारण अग्नीशिवाय धूर कुठे आढळत नाही. पण जे चिन्ह ती वस्तू नसतानाही आढळतं, त्यावरून अनुमान करू नका. त्याला त्यांनी अनैकान्तिक हेतू म्हटलं, म्हणजे एकाच जागेशी इमान न राखणारं चिन्ह. वाढलेलं क्रिएटिनिन हे असंच चिन्ह आहे. मूत्रपिंड बिघडलं तर ते वाढतं, पण कमावलेल्या शरीराच्या माणसातही ते जास्त असतं, भरपूर मटण खाल्ल्यावर वाढतं, आणि क्रिएटिन घेतल्यावरही थोडं वाढू शकतं, कारण कच्चा मालच वाढला. रिपोर्टमधला ई-जीएफआर हा आकडा बहुतेक वेळा याच क्रिएटिनिनवरून गणिताने काढलेला असतो. त्यामुळे तोही सोबत घसरतो. दोन साक्षीदार आहेत असं वाटतं, प्रत्यक्षात एकच साक्षीदार दोनदा बोलतो.

मग करायचं काय? दुसरा साक्षीदार बोलवायचा. सिस्टॅटिन सी नावाची रक्ततपासणी असते, ती स्नायूंवर आणि क्रिएटिनवर अवलंबून नसते. लघवीतलं अल्ब्युमिन तपासता येतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, डॉक्टरांना सांगायचं की आम्ही ही पावडर घेतो. न सांगता रिपोर्ट दाखवला तर डॉक्टर बिचारे धूर पाहून आग शोधत बसतील.

पण मंडळी, ही सुरी दोन्हीकडून कापते. ‘क्रिएटिनिन वाढलंय ना, ते पावडरीमुळे’ असं म्हणून रिपोर्ट बाजूला सारणंही तितकंच चुकीचं. खऱ्या आगीचा धूर तुम्ही धुकं म्हणून सोडून द्याल. उलट बाजूही लक्षात घ्या. स्नायू झिजलेल्या, बारीक अंगाच्या आजींचं क्रिएटिनिन आकड्यांत ठीक दिसतं, कारण कच्चा मालच कमी. मूत्रपिंड मात्र मंदावलेलं असू शकतं. चिन्ह दोन्ही दिशांनी फसवतं.

आता तिसरा तर्क, आमच्या मते सगळ्यात मोलाचा. ‘अभ्यासात काही हानी दिसली नाही’ यावरून ‘हानी नाही’ असं म्हणता येतं का? अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, म्हणून घडा नाही असं होत नाही. दिवा लावून, डोळे उघडे ठेवून पाहिलं आणि दिसला नाही, तरच नाही म्हणायचं. शास्त्रात याला योग्यानुपलब्धी म्हणतात: असती तर दिसलीच असती, अशा परिस्थितीत न दिसणं.

मग क्रिएटिनच्या बाबतीत दिवा लावला होता का? बऱ्यापैकी लावला होता, आणि तोही खेळाडूंनी नव्हे. पार्किन्सनच्या रुग्णांना क्रिएटिनने फायदा होईल या आशेने अमेरिकेत आणि कॅनडात एक मोठी चाचणी झाली. १७४१ रुग्ण, रोज दहा ग्रॅम, म्हणजे नेहमीच्या दुप्पट-तिप्पट, आणि किमान पाच वर्षं द्यायची योजना. निम्म्यांना नुसती बनावट पावडर. २०१३ मध्ये ती चाचणी थांबवली, कारण आजारावर काहीच फायदा दिसेना. अपाय झाला म्हणून थांबवलेली नव्हती. हंटिंग्टन या आजारात तर दिवसाला चाळीस ग्रॅमपर्यंत देऊन पाहिलं. तिथेही तेच, फायदा नाही. औषध म्हणून ते हरलं, पण उतारवयातल्या माणसांनी वर्षानुवर्षं घेतलं तर काय होतं, याचा उजेड त्या हरण्यातून पडला. निरोगी माणसाने रोज तीन ते पाच ग्रॅम घेतलं तर मूत्रपिंडाला इजा होते असं दिसत नाही, या म्हणण्याला त्यामुळे वजन येतं.

पण दिवा जिथवर पोहोचला तिथवरच बोलायचं. ज्यांचं मूत्रपिंड आधीच आजारी आहे, त्यांच्यावर उजेड फार कमी पडलेला आहे. १९९८ मध्ये एका तरुणाचं मूत्रपिंडाचं काम क्रिएटिन सुरू केल्यावर घसरलं आणि बंद केल्यावर सुधारलं, अशी नोंद झाली. त्याला किडनीचा विकार आधीपासून होता. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, वाढत्या वयाची मुलं, इथेही अभ्यास अपुरे आहेत. इथे ‘हानी सिद्ध झालेली नाही’ हे वाक्य अंधाऱ्या खोलीतलं आहे. आणि आपल्याकडची खरी अडचण अशी, की मधुमेह आणि रक्तदाब घरोघरी आहेत, हे दोन्ही मूत्रपिंडाला पोखरतात, आणि पोखरणं बराच काळ कळत नाही. आपण निरोगी आहोत हे त्या पासष्टीच्या गृहस्थांनी गृहीत धरायचं नाही, तपासायचं. पावडर सुरू करण्याआधी एकदा क्रिएटिनिन आणि लघवी तपासून घेतली, की पुढचे आकडे कशाशी ताडायचे ते ठरतं. ज्यांना हृदयविकारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलंय, त्यांनीही विचारल्याशिवाय घेऊ नये, कारण पहिल्या आठवड्यात एक-दोन किलो वजन वाढू शकतं आणि ते बहुतांशी पाणी असतं.

उतारवयात फायदा किती? २०१७ मध्ये बावीस अभ्यासांची बेरीज मांडली गेली. वजनाच्या व्यायामासोबत क्रिएटिन घेणाऱ्या वयस्कांमध्ये, नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा चरबी वगळून उरणारं वजन सरासरी १.४ किलोच्या आसपास जास्त वाढलं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनेही पंचावन्नच्या पुढच्या माणसांसाठी व्यायामाने वाढणाऱ्या स्नायूंच्या ताकदीत भर पडते हा दावा मान्य केला, पण अट घालून: रोज तीन ग्रॅम, सोबत आठवड्यातून तीनदा जोराचा व्यायाम. व्यायाम वगळून नुसती पावडर घेतली तर त्या दाव्यात काही उरत नाही. स्मरणशक्ती वाढते या दाव्याला मात्र त्याच संस्थेने २०२४ मध्ये नकार दिला. रजोनिवृत्तीनंतरच्या २३७ स्त्रियांवर दोन वर्षं अभ्यास झाला, त्यात हाडांची घनता टिकवायला मदत झाल्याचं दिसलं नाही. तेव्हा डब्यावर सतरा रोगांची यादी असेल, तर डबा परत ठेवा.

डब्याबद्दलही दोन शब्द. वर आपण जे अभ्यास म्हटले ते शुद्ध क्रिएटिनचे, बहुतेक मोनोहायड्रेट या साध्या प्रकाराचे. महाग नावाचे नवे प्रकार त्याहून चांगले आहेत असं दिसत नाही. दहा गोष्टी मिसळलेल्या पावडरीला ते अभ्यास लागू होत नाहीत. डब्यावर एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना बघा, पण परवाना म्हणजे प्रत्येक डबा तपासला असं नव्हे. स्वतंत्र प्रयोगशाळेतून तपासणी झाल्याची खूण असेल तर बरं. क्रिएटिन स्टिरॉइड नाही, खेळातल्या बंदीच्या यादीतही नाही. पण भेसळीतून बंदीचा पदार्थ पोटात गेला तर शिक्षा खेळाडूलाच होते.

तर त्या आईला काय सांगायचं? मुलगा सज्ञान आणि निरोगी असेल, साधी पावडर रोज तीन-पाच ग्रॅम घेत असेल, पाणी नीट पीत असेल, तर घाबरू नका. गृहस्थांना सांगायचं, आधी तपासणी, मग व्यायाम, मग वाटलंच तर पावडर, याच क्रमाने. आणि ज्यांच्या रिपोर्टमध्ये आकडा वाढलाय, त्यांनी घाबरायचंही नाही आणि सोडूनही द्यायचं नाही. डॉक्टरांना सगळं सांगायचं आणि दुसरा साक्षीदार बोलवायचा.

सुरक्षित कुणासाठी, किती, किती दिवस आणि कशासोबत, हे चार शब्द जोडल्याशिवाय ‘सुरक्षित’ हे विधान पुरं होत नाही. हे क्रिएटिनला लागू आहे, तसंच उद्या जी नवी पावडर येईल तिलाही. इथे थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ या.