चादरीखालची गादी

गादी म्हटली की आपल्याकडे प्रथम सत्तेचीच आठवण होते. ती कोणी बळकावली आणि कोणाची गेली, याची चर्चा वृत्तपत्रांतून नित्य चालू असते. आज आम्ही लिहीत आहोत ते निराळ्या गादीविषयी. इस्पितळातील रुग्ण जिच्यावर दिवसरात्र पडून असतो आणि जिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही, त्या गादीविषयी.

वरिष्ठांची पाहणी ठरली की भिंतींना रंग चढतो, फरशी फिनेलने पुसली जाते, खाटांवर पांढऱ्याशुभ्र चादरी येतात. पाहुणे समाधान व्यक्त करून परततात. चादर उचलून पाहण्याचे मात्र कोणाला सुचत नाही.

इस्पितळातील गादी बहुधा फोमची असते आणि तिला रेक्झिनसारखे आवरण असते. या आवरणाला बारीकसे छिद्र पडले किंवा त्याची शिवण उसवली, की रक्त, लघवी व घाम आत झिरपू लागतात. वरून पुसलेली गादी स्वच्छ दिसते, पण आत फोम कुजत असतो. काही रोगजंतू कोरड्या पृष्ठभागावरही कित्येक आठवडे जिवंत राहतात. मग आमच्या पावसाळ्यातील दमट हवेत ओल्या फोमविषयी काय बोलावे? एक रुग्ण बरा होऊन घरी जातो आणि त्याचे जंतू दुसऱ्याच्या पाठीखाली राहतात. जंतुनाशकाचे तीव्र द्रावण लावून ते पाण्याने पुसून न घेतल्यास आवरणाला तडे जातात, म्हणजे स्वच्छताच घात करते.

दुसरा दोष फोम दबण्याचा. माकडहाड आणि टाचा खाटेच्या पत्र्याला टेकू लागल्या की तेथील रक्तप्रवाह अडतो आणि शय्याव्रण होतात. पक्षाघाताच्या वा मधुमेहाच्या रुग्णाला ते जिवावर बेततात. शय्याव्रण हा बहुधा रोगाचा नव्हे, शुश्रूषेचा दोष होय, असे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ सालीच बजावले होते. रुग्णाला वरचेवर कुशीवर वळवणे आवश्यकच. परंतु गादीच निकामी असेल तर परिचारिकेने किती कष्ट उपसावेत?

परीक्षा अगदी सोपी आहे. आवरणाची चेन उघडून आत डाग किंवा दुर्गंधी आहे का, ते पाहावे. आवरणाखाली टिपकागद ठेवून वर थोडे पाणी ओतावे व मुठीने दाबावे. कागद भिजला तर आवरण बाद. दोन्ही हातांनी भार दिल्यावर खाटेचा पत्रा लागला तर फोम बाद. प्रत्येक गादीला क्रमांक व खरेदीची तारीख असावी, नोंदवही असावी आणि तपासणीची जबाबदारी एका निश्चित अधिकाऱ्यावर असावी. बाद गादीच्या जागी देण्यास शिल्लक साठा नसेल, तर ही तपासणी कागदावरच राहील, हेही शासनाने ध्यानी घ्यावे.

वृद्धाश्रमांना तर हा नियम अधिकच कसोशीने लागू व्हावा. ज्यांची मुले आखातात वा युरोपात आहेत, अशा कित्येक वृद्धांना तक्रार करण्याचेही त्राण उरलेले नसते. त्यांना भेटायला जाणाऱ्या आप्तेष्टांनी फळांच्या पिशवीबरोबर एवढे अवश्य करावे: चादरीचे टोक उचलून पाहावे.

गोव्यातील वैद्यकीय शिक्षणाची परंपरा १८४२ पासूनची आहे. तिचा अभिमान बाळगणाऱ्या प्रदेशात रुग्णाला धड अंथरूण मिळावे, ही अपेक्षा फार मोठी नव्हे.