घुरघुर आणि गुरगुर : लाघवी मांजराच्या हल्ल्याविषयी

गिरगावातील वाडीत किंवा परळ-लालबागच्या चाळीत वावरणारे मांजर क्वचितच एका बिऱ्हाडाचे असते. एका दारी दूध, दुसऱ्या दारी मासळीचे काटे, तिसऱ्या दारी निजण्यापुरते पायपुसणे, असा त्याचा संसार वाटलेला असतो. ते पायांत घोटाळते, आपण होऊन मांडीवर येते आणि एखादे दिवशी कुरवाळणाऱ्या हातालाच कडकडून चावते. 'मांजर उलटले', 'मांजराची जातच लबाड' असा निवाडा मग सारी चाळ देऊन टाकते. वस्तुतः मांजर बहुधा अवचित उलटत नाही. त्याने आधी दिलेली सूचना ऐकणाऱ्याच्या ध्यानी आलेली नसते.

या गैरसमजात भाषेचाही थोडा वाटा आहे. मराठीत 'घुरघुर' आणि 'गुरगुर' या दोन अनुकरणवाचक शब्दांत केवळ महाप्राणाचा भेद आहे, आणि बोलण्यात तोही पुष्कळदा उरत नाही. तृप्त मांजरही गुरगुरते आणि चिडलेले मांजरही गुरगुरते, असेच सर्रास म्हटले जाते. ध्वनिदृष्ट्या मात्र हे दोन निराळे व्यापार आहेत. मिल्ड्रेड मोएल्क या अमेरिकन अभ्यासिकेने १९४४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात मांजराच्या ध्वनींचे तीन वर्ग पाडले : मिटल्या तोंडाने काढलेले, तोंड उघडून हळूहळू मिटत काढलेले आणि तोंड ताणून उघडे ठेवून काढलेले. घुरघुर पहिल्या वर्गात येते. ती श्वास घेताना आणि सोडताना अशी अखंड चालते. चिडल्यावेळची गुरगुर व फिस्कारणे तिसऱ्या वर्गातली. त्यांत ताण असतो. मात्र केवळ कानावर विसंबून चालणार नाही, कारण दुखणाईत मांजरही कधी कधी घुरघुरते.

म्हणून डोळ्यांनीही वाचावे लागते. कुरवाळताना शेपटीचे टोक फटकारू लागले, पाठीची कातडी थरथरली, कान आडवे झाले, मान हाताकडे वळली, की हात थांबवावा. गल्लीतल्या कुत्र्यांना सरावलेला मनुष्य हलणारी शेपटी म्हणजे आनंद असे समजतो. मांजराच्या बाबतीत अर्थ बहुधा उलट असतो. डोके व गालफडे चोळून घेणे बहुतेक मांजरांना रुचते, पोटाला लावलेला हात पुष्कळांना खपत नाही. दातांत हात सापडलाच तर हिसका देऊ नये. हात सैल सोडावा, म्हणजे पकड सुटते. मारणे तर सर्वस्वी अनिष्ट, कारण त्यायोगे पुढच्या खेपेस मांजर सूचना न देताच चावू लागते.

कारणांचा शोध घेताना मराठीतील लिंगव्यवस्था मजेदार रीतीने उपयोगी पडते. 'मांजर' नपुंसकलिंगी, परंतु 'बोका' आणि 'भाटी' हे शब्द वेगळे आहेत, आणि त्यांचे राग तितकेच वेगळे. बोक्याचा राग हद्दीचा व माजाचा. सज्जावर परका बोका दिसला आणि त्याच्यापर्यंत पोहोचता आले नाही, तर जवळून जाणाऱ्याच्या पोटरीवर तो राग निघतो. असे मांजर काही तास एकटे सोडावे. समजूत घालण्यासाठी उचलायला जाणे हीच मोठी चूक. खच्चीकरणाने अशा झुंजी पुष्कळ कमी होतात. भाटीचा राग पिल्लांपायी असतो. जिन्याखालच्या अडगळीत ती व्याली असेल, तर तेथून मुलांनी दूर राहावे हा एकच उपाय. राहिला भीतीचा राग. कोंडलेले मांजर अंगावर येते हे आपल्याकडे कोणालाही सांगावे लागत नाही. तरी खोलीत शिरलेल्या मांजराला हाकलताना दार लावून घेणारे असतातच. शिवाय मांजराचे माणसाळणे मुख्यत्वे वयाच्या दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात घडते. त्या काळात माणसाचा हात न लागलेले मांजर पुढे अन्नासाठी जवळ आले तरी स्पर्शाविषयी साशंक राहते.

नित्य गरीब असलेले मांजर एकाएकी चिडखोर झाले तर दुखण्याचा संशय घ्यावा. झुंजीतील जखम वरून बुजते आणि आत पू होतो. दाढ दुखत असते. अशा मांजरास टोपलीत घालून परळच्या बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालयात नेणे, हे त्याला दार बंद करण्यापेक्षा शहाणपणाचे. मात्र आवाज बदललेला, लाळ गळते आहे, चालताना तोल जातो आणि कारणाशिवाय जो दिसेल त्याच्यावर झेप, अशी लक्षणे असतील तर त्यास स्वतः पकडू नये. महापालिकेस वा पशुवैद्यास कळवावे. ती आलर्काची, म्हणजे रेबीजची, लक्षणे असू शकतात.

चाव्याकडे 'मांजरच तर आहे' म्हणून दुर्लक्ष करणे घातक आहे. मांजराचे दात बारीक. वर टिंब दिसते, पण जंतू खोल जातात. बोचकारा असो वा चावा, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट यांपैकी काही भरू नये. त्याच दिवशी डॉक्टरांस दाखवावे आणि त्यांनी सांगितलेली रेबीजची लस ठरल्या दिवशी पूर्ण करावी. मांजर ओळखीचे आहे आणि रोज दारात दूध पिते, एवढ्यावरून लस टाळता येत नाही.