फाटकापासून रुळापर्यंत

औद्योगिक वसाहतीसाठी जागा निवडताना जमीन, पाणी आणि वीज यांचा विचार आधी होतो. मात्र तेथील कारखाना तग धरेल की नाही, हे पुष्कळदा कच्चा माल फाटकाच्या आत येण्यास आणि तयार माल बंदरापर्यंत पोहोचण्यास किती वेळ व किती भाडे लागते यावर ठरते. वाहतूक, साठवण, चढउतार आणि कागदपत्रे यांच्या या साखळीला लॉजिस्टिक्स म्हणतात. अमरावतीजवळ, नागपूर रस्त्यावरील नांदगाव पेठ येथे या साखळीची परीक्षा होणार आहे. केंद्र सरकारने मार्च 2023 मध्ये देशभरात जाहीर केलेल्या सात ‘पीएम मित्र’ वस्त्रोद्योग पार्कांपैकी एक तेथे उभे राहत असून, सुमारे 1000 एकरांच्या या पार्कची पायाभरणी 20 सप्टेंबर 2024 रोजी वर्ध्याच्या कार्यक्रमातून झाली. कापसापासून कपड्यापर्यंतची सर्व कामे एका आवारात आणणे हा या योजनेचा हेतू आहे.

वऱ्हाडात वाहतुकीची साधने कधी आलीच नाहीत असे नाही. ती आली, परंतु प्रामुख्याने कापूस बाहेर नेण्यासाठी आली. रेल्वेपूर्वी अमरावतीचा कापूस बैलांच्या पाठीवरून गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे आणि या प्रवासात महिने मोडत. 1867 मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग नागपूरला पोहोचला, तेव्हा तो अमरावती आणि खामगाव या दोन्ही कापूसपेठांना बाजूला ठेवून गेला होता, त्यामुळे 1870 च्या सुमारास बडनेरा ते अमरावती आणि जलंब ते खामगाव असे छोटे फाटे मुद्दाम टाकावे लागले. पुढे यवतमाळ आणि अचलपूर यांना मूर्तिजापूरशी जोडणारी, ‘शकुंतला’ या लाडक्या नावाने ओळखली गेलेली अरुंद मार्गाची रेल्वे आली. ती मुंबईच्या रुंद मार्गाला मिळत असली तरी दोन रुळांमधील अंतर वेगळे असल्याने तिचे डबे पुढे जाऊ शकत नव्हते. प्रत्येक गाठ मूर्तिजापूरला उतरवून पुन्हा चढवावी लागे. अशा मधल्या चढउतारात हमाली वाढते, माल खराब होतो आणि दिवस वाया जातो. साधने बदलली असली तरी वऱ्हाडातील मालवाहतुकीचे मर्म आजही याच सांध्यांत आहे.

कारखाना शेताजवळ असण्याचा लाभ एका साध्या हिशेबातून दिसतो. एक क्विंटल कापसातून, म्हणजे सरकीसह वेचलेल्या बोंडातील मालातून, साधारण 34 किलो रुई निघते आणि उरलेला बहुतेक भाग सरकीचा असतो. म्हणून 170 किलोची एक गाठ बांधण्यासाठी सुमारे पाच क्विंटल कापूस लागतो. सरकी न काढलेला कापूस दूर नेणे म्हणजे सरकीचेही भाडे भरणे होय, आणि त्यामुळेच जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने पूर्वीपासून तालुक्यांच्या गावी उभे राहिले. परंतु शेतापासून जिनिंगपर्यंतची वाट बहुधा पांदण रस्त्याने सुरू होते आणि अवकाळी पावसात ती चिखलाने अडते. वस्त्रोद्योग पार्काच्या चर्चेत पांदणीचा उल्लेख क्वचितच होतो, ही मोठी उणीव आहे, कारण ओला झालेला कापूस पुढे कितीही वेगाने नेला तरी त्याची प्रत परत येत नाही.

रस्त्यांच्या बाबतीत अमरावती आणि अकोला आज पूर्वीपेक्षा बऱ्याच चांगल्या स्थितीत आहेत. सुरतकडून येणारा राष्ट्रीय महामार्ग 53 (जुना क्रमांक 6) खामगाव, अकोला, मूर्तिजापूर, अमरावती आणि नांदगाव पेठ यांना एका सूत्रात ओवून नागपूरकडे जातो. याच मार्गावर जून 2022 मध्ये लोणी ते माना या भागात 75 किलोमीटर डांबरीकरण सलग 105 तास 33 मिनिटांत पूर्ण झाले आणि त्याची नोंद गिनेस विक्रमांत झाली. दक्षिणेकडून जाणारा 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग 5 जून 2025 रोजी पूर्णपणे खुला झाला. तो अमरावती जिल्ह्यातील धामणगाव रेल्वे, चांदूर रेल्वे आणि नांदगाव खंडेश्वर या तालुक्यांतून जातो. नांदगाव पेठ आणि नांदगाव खंडेश्वर ही दोन वेगळी गावे असून, पार्क पहिल्या ठिकाणी आणि समृद्धी महामार्ग दुसऱ्याकडे आहे, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. समृद्धीवर ठरावीक प्रवेशद्वारांवाचून, म्हणजे इंटरचेंजवाचून, चढता-उतरता येत नाही, आणि तिथपर्यंतचा जोडरस्ता अरुंद असेल तर पुढे वाचलेला वेळ आधीच खर्ची पडतो. शिवाय नागपूर ते मुंबई आठ तासांचा जो प्रवास सांगितला जातो तो मोटारीचा आहे. जड वाहनांना तेथे ताशी 80 किलोमीटरची मर्यादा आहे.

ट्रकचे भाडे केवळ अंतरावर ठरत नाही. माल पोहोचवून वाहन रिकामे परतणार असेल तर परतीचे डिझेल आणि टोलही जाणाऱ्या मालावरच बसतात. पार्कात रंग, रसायने, यंत्रांचे भाग आणि वेष्टनाचे साहित्य येत राहिले, तर दोन्ही फेऱ्या भरलेल्या राहतील आणि भाडे उतरेल. केवळ गाठी बाहेर जात राहिल्या तर शंभर वर्षांपूर्वीचाच एकतर्फी व्यवहार नव्या रस्त्यावर चालू राहील.

निर्यातीच्या मालासाठी मात्र रेल्वेला पर्याय नाही. बडनेऱ्यापासून मुंबई रेल्वेने साडेसहाशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे आणि एवढ्या अंतरावर जड माल आगगाडीने स्वस्त पडतो. कंटेनर, म्हणजे 20 किंवा 40 फूट लांबीची ठरावीक मापाची लोखंडी पेटी, कारखान्यात भरून सील केली की ती ट्रक, वाघीण आणि जहाज यांवर न उघडता चढते. मूर्तिजापूरच्या चढउताराची अडचण ती नेमकी दूर करते. त्यासाठी रुळाशेजारी मजबूत फरसबंदीचे आवार, क्रेन, जवळच सीमाशुल्क तपासणी आणि मालगाडी उभी करण्यापुरती साइडिंग, म्हणजे मुख्य मार्गातून फुटलेला बाजूचा रूळ, लागतो. खासगी गुंतवणुकीतून अशी आवारे उभारण्यासाठी रेल्वेने 2021 मध्ये गती शक्ती कार्गो टर्मिनलचे धोरण आणले आहे. बडनेरा ते नरखेड या 138 किलोमीटरच्या मार्गामुळे मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन मोठे लोहमार्ग अमरावतीतून जोडले गेले आहेत. नांदगाव पेठच्या 1350 मेगावॅटच्या वीज केंद्राचा कोळसाही रेल्वेनेच येतो. म्हणजे रूळ या परिसराला परका नाही. तो छोट्या उद्योजकाला सामायिकपणे वापरता येणे हे उरलेले काम आहे.

अकोल्याची बलस्थाने निराळी आहेत. डाळ मिल, तेल गिरण्या आणि जिनिंग यांच्या या शहरातून मुंबई-हावडा मार्गाबरोबरच पूर्णा-नांदेडमार्गे सिकंदराबादकडे जाणारा रुंद रेल्वेमार्ग निघतो आणि महामार्ग 161 वाशीम, हिंगोली, नांदेडकडे जातो, म्हणून दक्षिणेच्या बाजारासाठी अकोला अमरावतीहून सोयीचे आहे. उत्तरेला अकोटपर्यंत रुंद मार्गाची गाडी धावते, पण खांडव्याची जुनी वाट मेळघाटच्या जंगलातून असल्याने ती वळवण्याची भूमिका रास्त आहे. दोन्ही शहरांनी एकाच प्रकारची सोय मागत राहण्याऐवजी अकोल्याने दक्षिणेचा आणि अमरावतीने बंदराकडचा माल हाताळावा, यात वऱ्हाडाचे हित अधिक आहे.

अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून 16 एप्रिल 2025 पासून मुंबईची विमानसेवा सुरू झाली आहे. 1850 मीटरच्या धावपट्टीवर लहान प्रवासी विमाने उतरतात. ती खरेदीदार आणि तंत्रज्ञ यांच्या सोयीची आहेत, कापडाच्या ठाणांसाठी नव्हेत.

माणसांची ने-आणही याच विषयाचा भाग आहे. कपडे शिवण्याच्या उद्योगात स्त्रिया मोठ्या संख्येने काम करतात, आणि रात्रपाळी सुटल्यावर बडनेरा, तिवसा किंवा मोर्शीकडे सुरक्षित बस मिळणार नसेल तर घरचे लोक त्यांना नोकरीवर पाठवणार नाहीत. भूखंडांचे वाटप पुढे जाण्यापूर्वी पार्कच्या आराखड्यात तीन गोष्टी पक्क्या व्हाव्यात, अशी मागणी अमरावतीच्या उद्योजकांनी, कामगारांनी आणि लोकप्रतिनिधींनी एकत्र येऊन लावून धरावी: सर्वांना खुले असलेले रेल्वे कंटेनर आवार, समृद्धीपर्यंतचा रुंद जोडरस्ता आणि पाळीच्या वेळेला सुटणाऱ्या बसगाड्या.